क्लोरीन मारलं, टाकी घासली, तरी लिजिओनेला पुन्हा हजर: बिऱ्हाड पाण्यात नाही, पाइपच्या भिंतीवर आहे

तक्रार ठरलेली असते. इमारतीच्या पाण्याच्या नमुन्यात लिजिओनेला, म्हणजे न्यूमोनिया घडवणारा जिवाणू, सापडल्याचा अहवाल येतो. टाकी उपसून घासली जाते, क्लोरीनचा दणकट डोस दिला जातो, रात्रभर तोट्या सोडल्या जातात. पुढच्या आठवड्यातला नमुना स्वच्छ येतो आणि सगळे हुश्श करतात. दोन महिने जातात. पुन्हा तोच जिवाणू, कधी त्याच तोटीला, कधी वरच्या मजल्यावर. मग टाकी दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा. एका इमारतीत मी स्वतः वर्षभरात चार वेळा हेच केलं आहे, त्यामुळे इथे शहाणपण शिकवण्याचा आव नाही. त्या चारही वेळा आम्ही पाणी धुतलं. धुवायचं होतं ते पाइपचं आतलं अंग.

शोधाशोध सुरू करण्याआधी एक तातडीची गोष्ट. इमारतीत वयस्कर, धूम्रपान करणारी, फुप्फुसाचा जुना आजार असलेली किंवा प्रतिकारशक्ती कमी करणारी औषधं घेणारी माणसं असतील, तर ज्या शॉवरचा नमुना खराब आला तो आजच बंद करा, किंवा त्यावर ०.२ मायक्रॉनचा जंतुरोधक फिल्टर बसवा. लिजिओनेलाचा न्यूमोनिया सहसा पाणी पोटात गेल्याने होत नाही. हवेत उडालेले बारीक तुषार श्वासावाटे आत गेले, किंवा पाण्याचा घोट चुकून श्वासनलिकेत उतरला, की होतो. म्हणून शॉवर, कारंजी, कूलिंग टॉवर, गरम पाण्याचे बुडबुड्यांचे टब यांची भीती जास्त. इमारतीतल्या कुणाला ताप आणि खोकला असेल तर डॉक्टरांना पाण्याच्या अहवालाबद्दल आवर्जून सांगा. लघवीची नेहमीची चाचणी मुख्यतः लिजिओनेला न्यूमोफिला या जातीचा सेरोग्रुप १ हा एकच उपप्रकार ओळखते, बाकीचे प्रकार तिच्या हातून निसटू शकतात.

बुळबुळीच्या आत काय चालतं

वितरणाच्या पाइपांमधल्या जिवाणूंपैकी साधारण ९५ टक्के भिंतीला चिकटलेले असतात, असा अंदाज या विषयात वर्षानुवर्षं वापरला जातो. बाटलीत भरून आपण तपासायला पाठवतो ते उरलेले थोडे, वाहत निघालेले. भिंतीवरच्या थराला जैवपटल किंवा बायोफिल्म म्हणतात. पाना हातात घेऊन काम करणारी माणसं नुसती ‘बुळबुळ’ म्हणतात, आणि मला तोच शब्द आवडतो. बोटाला काय लागतं ते त्यात बरोबर येतं.

नव्या पाइपमध्ये पाणी सोडल्यावर काही तासांत पहिले जिवाणू भिंतीला चिकटतात. मग ते स्वतःभोवती साखरेच्या लांब साखळ्या, प्रथिनं आणि सुटा डीएनए यांची चिकट लाप्शी सोडतात. थराचा बहुतेक भाग पाणीच असतो, पण ही लाप्शी त्याला धरून ठेवते. वाहत्या पाण्यातले अन्नाचे कण, गंज, चुनखडी सगळं त्यात अडकतं. वरच्या भागात ऑक्सिजन भरपूर, तळाशी कमी. तळातले जिवाणू मंद होतात, जवळजवळ झोपतात. झोपलेल्या जिवाणूला मारणं अवघड, कारण बरीच मारक द्रव्यं चालू यंत्रणेवर घाव घालतात.

दातांवरचं कीटण हीसुद्धा बायोफिल्मच. चूळ भरून कीटण जात नाही, घासावं लागतं. पाइपमध्ये ब्रश घालता येत नाही, ही आपली अडचण.

क्लोरीन तरी आत का शिरत नाही? ते शिरतं, पण वाटेतच खर्च होतं. क्लोरीन हे भांडकुदळ रसायन आहे, समोर जे सेंद्रिय येईल त्याच्याशी भिडतं. थराची लाप्शी तेच करायला बसलेली असते. अतिसूक्ष्म टोकाच्या इलेक्ट्रोडने थराच्या आतलं क्लोरीन मोजलं गेलं तेव्हा ते बाहेरच्या पाण्यातल्या क्लोरीनच्या २० टक्के किंवा त्याहून कमी भरलं. बाहेर मीटरवर झकास आकडा दिसतो आणि आत तळाशी कुणाला धक्काही लागलेला नसतो.

लिजिओनेलाच्या बाबतीत तर आणखी एक पडदा आहे. हा जिवाणू साध्या नळाच्या पाण्यात एकटा फारसा वाढतच नाही. प्रयोगशाळेत त्याला वाढवायचं तर कोळसा आणि यीस्ट अर्काच्या माध्यमात सिस्टीन नावाचं अमिनो आम्ल आणि लोह मुद्दाम घालावं लागतं. मग पाइपमध्ये त्याला हे कोण वाढतं? बायोफिल्म, गंज आणि अमिबा. बायोफिल्मवर चरणारे अमिबा जिवाणू गिळून पचवतात. लिजिओनेलाही गिळला जातो, पण अमिबाची पचनाची पोतडी तो आपल्यापर्यंत पोहोचू देत नाही. आत बसून तो वाढतो आणि शेवटी अमिबा फोडून बाहेर पडतो. टिमथी रोबोथम यांनी १९८० मध्ये अमिबाशी असलेलं हे नातं दाखवलं. आपल्या फुप्फुसातल्या भक्षक पेशींना तो अगदी हाच डाव टाकतो. माणसाला मारण्याची तालीम त्याने पाइपमधल्या अमिबावर केलेली असते, असं म्हटलं तरी चालेल.

परिस्थिती बिघडली की काही अमिबा जाड कवचाचं कोष्ठ बनवतात. अकँथामिबा जातीच्या अमिबाच्या कोष्ठात बसलेले लिजिओनेला लिटरला ५० मिलीग्रॅम क्लोरीनमधूनही जगले, असं प्रयोगात दिसलं आहे. टाकीच्या शॉक डोससाठी, म्हणजे एकदम दिलेल्या मोठ्या डोससाठी, आपण साधारण एवढाच आकडा धरतो. तेव्हा ‘एवढं क्लोरीन टाकूनही कसा परत आला’ या प्रश्नात मला आता नवल वाटत नाही.

पाणी न धुता आधी अहवाल वाचा

चार वेळा फसल्यावर आम्ही पाचव्या वेळी आधी रसायनाला हात लावायचा नाही असं ठरवलं. नमुने जोडीने घेतले. पहिला नमुना तोटी उघडल्याबरोबर, पाणी वाया न घालवता, जाळी न काढता आणि तोटीचं तोंड ज्योतीने न भाजता. दुसरा, तोटी दोनतीन मिनिटं सोडून, तोंड स्वच्छ करून. एक लिटरची निर्जंतुक बाटली, आत सोडियम थायोसल्फेट घातलेली. ते नसेल तर बाटलीतलं क्लोरीन प्रयोगशाळेपर्यंतच्या वाटेवर जिवाणू मारत राहतं आणि अहवाल खोटाच गोड येतो.

या जोडीतून पत्ता कळतो. पहिला खराब आणि दुसरा चांगला असेल तर बिऱ्हाड तोटीच्या शेवटच्या मीटर-दोन मीटरमध्ये आहे: जाळी, शॉवरची नळी, मिक्सिंग व्हॉल्व्ह, लवचिक जोडनळी. दोन्ही खराब असतील तर दोष मागे आहे: रायझर (मजल्यांवर चढणारा उभा पाइप), रिटर्न लाइन (गरम पाणी फिरवून गीझरकडे परत नेणारी), गीझर किंवा टाकी. पहिला चांगला आणि दुसरा खराब हा प्रकार लोकांना चक्रावतो, पण तो मिळाला तर आनंद माना, कारण तो थेट मुख्य लाइनकडे बोट दाखवतो.

परत यायला किती दिवस लागले, हाही एक पुरावा आहे. शॉक दिल्यावर आठ-दहा दिवसांत परतला तर शॉक त्या जागेपर्यंत पोहोचलाच नव्हता. दोन-तीन महिन्यांनी हळूहळू चढत आला तर शॉक पोहोचला, पण थर उरला आणि त्याला वाढवणारी परिस्थिती तशीच राहिली. माझा अनुभव असा की पहिल्या प्रकारात नळकाम चुकलेलं असतं आणि दुसऱ्यात तापमान. हा अनुभवाचा आडाखा आहे, नियम नव्हे.

स्वच्छ अहवालावर फार विसंबू नका. लिजिओनेलाच्या संवर्धनाला दहा दिवसांपर्यंत लागतात, आणि उष्णतेने किंवा क्लोरीनने हबकलेले जिवाणू जिवंत असूनही माध्यमावर उगवत नाहीत. अमिबा भेटला की पुन्हा शुद्धीवर येतात. जिवाणूचा डीएनए शोधणारी पीसीआर चाचणी उलट बाजूला फसवते: ती मेलेल्यांचाही डीएनए मोजते, म्हणून शॉक दिल्यावर लगेच केली तर उगाच घाबरवते. दोन्ही चाचण्यांची उत्तरं वेगळी आली म्हणून प्रयोगशाळेशी भांडू नका. मी भांडलो आहे.

आकड्याचं म्हणाल तर, युरोपीय संघाच्या २०२० च्या पेयजल निर्देशात लिजिओनेलासाठी लिटरला १००० वसाहतींच्या (माध्यमावर उगवलेल्या जिवाणूंच्या ठिपक्यांच्या) खालचा आकडा धरला आहे. बऱ्याच मार्गदर्शिका १०० पासूनच लक्ष घालायला सांगतात. एका तोटीवर ३०० आणि वीस तोट्यांपैकी बारांवर १५० यात मला दुसरी परिस्थिती जास्त वाईट वाटते. पहिली बहुधा त्या तोटीपुरती असते. दुसऱ्यात सगळी व्यवस्थाच वसलेली आहे.

थर्मामीटर घेऊन फिरा

इतकं स्वस्त आणि इतकं दुर्लक्षित हत्यार दुसरं नाही. लिजिओनेला साधारण २० ते ४५ अंश सेल्सिअसमध्ये वाढतो, पस्तिशीच्या आसपास सगळ्यात जोमाने. ५० अंशांना तो मरतो, पण तासांच्या हिशोबाने. ६० अंशांना दोनेक मिनिटांत दहातले नऊ मरतात, ७० ला जवळजवळ लगेच. म्हणून गरम पाणी साठवणीत ६० अंश, रिटर्न लाइनला किमान ५०, आणि तोटी उघडल्यावर मिनिटभरात ५० अंशांचं पाणी, ही ब्रिटनच्या मार्गदर्शिकेतली कसोटी मी घालून घेतली आहे. थंड पाणी दोन मिनिटांत २० अंशांखाली यावं. उष्ण हवामानात ते शक्य नसतं. तिथे जमेल तितकं थंड ठेवून बाकीची भिस्त पाणी ताजं राहण्यावर आणि क्लोरीनवर ठेवावी लागते.

आता खरी मेख. बहुतेक ठिकाणी तापमान मोजतात ते गीझरजवळच्या मुख्य रिटर्नवर. तिथे सगळ्या फाट्यांचं पाणी मिसळून आलेलं असतं. पाच फाटे ५५ ला आणि एक ४१ ला असला तरी मिश्रणाचा आकडा ५२ च्या पुढे दिसतो आणि नोंदवहीत बरोबरची खूण पडते. आमच्या इमारतीत नेमकं हेच झालं होतं. फाट्याफाट्यावर पाइपला चिकटवायचा थर्मामीटर लावून फिरलो तर शेवटचा फाटा ४३ अंशांवर सापडला. त्याचा समतोल व्हॉल्व्ह, म्हणजे त्या फाट्यातला प्रवाह ठरवणारा व्हॉल्व्ह, कुणीतरी कधीतरी दुरुस्तीसाठी जवळजवळ बंद केला होता आणि तसाच राहिला होता. एका मजल्याची गरम पाण्याची लाइन महिनोन्‌महिने ऊबदार पाळणा बनून बसली होती. त्यावर आम्ही वर्षभर क्लोरीन ओतत होतो.

गीझरच्या तळाकडेही पाहा. तापवणारा भाग मधोमध असेल तर वरचं पाणी ६० आणि तळाचं ऊबदार राहतं. शिवाय तळाशी गाळ आणि चुनखडी, म्हणजे घर आणि खाणं दोन्ही. तळाचा कॉक उघडून गाळ काढणं हे काम दरवर्षी कागदावर होतं, प्रत्यक्षात क्वचित.

थंड पाण्याची तोटी उघडल्यावर पहिल्यांदा कोमट पाणी येत असेल, तर दोन शक्यता तपासा. एक, थंड पाइप गरम पाइपच्या शेजारून, एकाच बंद कपाटातून, उष्णतारोधक आवरणाविना जातो आहे. दुसरी जास्त लबाड: हातशॉवरच्या टोकाला बंद करायचा कॉक असतो. कुणी तो बंद करतं आणि मिक्सर उघडाच ठेवतं. मग मिक्सरच्या आतून गरम पाणी थंड लाइनमध्ये घुसतं. एकेरी व्हॉल्व्ह निकामी झाला असेल तर एका मिक्सरमुळे अख्ख्या मजल्याची थंड लाइन कोमट होते. एकेका मिक्सरचे दोन्ही कॉक बंद करून पाहा. ज्याचे बंद केल्यावर थंड पाणी सुधारेल तो दोषी.

आंधळे फाटे

बाथटब काढला, तिथली लाइन टोपण लावून भिंतीत बुजवली. वॉशिंग मशीनची जागा बदलली, जुना फाटा तसाच. जिथून पाणी वाहत नाही पण मुख्य लाइनशी जोड कायम आहे, तो आंधळा फाटा. त्यातलं क्लोरीन संपतं, तापमान खोलीइतकं होतं, आणि बायोफिल्म निवांत वाढते. ती आतच राहिली असती तर फारसं बिघडलं नसतं. पण पंप चालू-बंद झाला, शेजारची तोटी झटकन बंद झाली, की दाबाचा हिसका बसतो आणि थराचे लचके मुख्य लाइनमध्ये येतात. नमुना एकदा चांगला, एकदा खराब असं वारंवार दिसत असेल तर माझा पहिला संशय आंधळ्या फाट्यावर जातो.

जुने नकाशे यासाठी उपयोगाचे, पण त्यांच्यावर विश्वास ठेवू नका. इमारतीतला सगळ्यात जुना माणूस शोधा आणि विचारा की पूर्वी कुठे काय होतं. आमचा फाटा तसाच सापडला, हातभर लांबीचा. कापल्यावर आत पिवळट तपकिरी पेस्ट होती. आम्ही पाचही जणांनी ती बोटाने चोळून पाहिली. तेव्हा हातमोजे घातलेले होते, हे सुदैव.

कधीच न वापरली जाणारी पाहुण्यांची खोली, बंद पडलेलं प्रसाधनगृह, सुट्टीत रिकामा मजला, यांचीही गत तीच. फक्त ते डोळ्यांना जिवंत दिसतात. अशा तोट्या आठवड्यातून एकदा तरी सोडा, आणि सोडताना शॉवर बादलीत किंवा पिशवीत धरून तुषार उडू देऊ नका. सोडणाऱ्या माणसाला आजारी पाडून इमारत वाचवायची नाही.

पाणी वाचवणाऱ्या जाळ्या बसवल्यावर एक अडचण हळूच शिरते. पाइपचा व्यास जुन्या, सढळ वापरासाठी धरलेला असतो. वापर निम्मा झाला की पाणी पाइपमध्ये दुप्पट वेळ राहतं. मोठ्या टाकीचंही तेच. साठा चोवीस तासांत उलटला पाहिजे. तीन दिवसांचं पाणी वर साठवून ठेवलंत तर तळमजल्यावर ताजं आलेलं क्लोरीन वरपर्यंत टिकत नाही.

तोटीजवळचे गुन्हेगार

जोडीतला पहिलाच नमुना खराब आला असेल तर तोटी उघडी करा. जाळीचं तोंड काढलं की मागच्या बाजूला काळपट चिखल दिसतो. रबरी वॉशर, विशेषतः ईपीडीएम जातीचं रबर, आणि लवचिक जोडनळ्यांचं आतलं अस्तर यातून पाण्यात सेंद्रिय द्रव्य झिरपतं, जिवाणूंना ते आयतं खाद्य. तांब्याचा नवा पाइप सुरुवातीला वाढीला थोडा आवर घालतो. नंतर तांब्यावरही थर बसतोच.

थर्मोस्टॅटिक मिक्सिंग व्हॉल्व्ह गरम आणि थंड पाणी मिसळून भाजण्यापासून वाचवतो, म्हणून तो काढून टाका असं मी म्हणणार नाही. पण त्याच्या पुढचं पाणी चाळिशीच्या आसपास मुक्काम करतं, आणि ती नळी जितकी लांब तितकं पाळणाघर मोठं. व्हॉल्व्ह तोटीच्या अगदी जवळ आणा. हात पुढे केल्यावर आपोआप सुरू होणाऱ्या तोट्या स्वच्छ वाटतात. जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयाच्या २०११ मध्ये सांगितलेल्या पाहणीत मात्र अशा तोट्यांच्या ५० टक्के नमुन्यांत लिजिओनेला सापडला, हाताने फिरवायच्या तोट्यांत १५ टक्के. आत झडपा जास्त, आणि प्रवाह कमी.

कार्बनचा फिल्टर आणि पाणी मृदू करणारं यंत्र हे आणखी दोन. कार्बन क्लोरीन काढून टाकतो, तेच त्याचं काम. मग त्याच्या पुढची सगळी लाइन उघडी पडते. प्रसरण टाकीतला (तापून फुगलेल्या पाण्याला जागा देणाऱ्या टाकीतला) रबरी फुगा हाही आंधळाच कोपरा, आणि कुणाच्या यादीत नसतो.

लिजिओनेलाऐवजी स्यूडोमोनास हा दुसरा जिवाणू वारंवार येत असेल तर मुख्य लाइनमागे धावू नका. तो बहुधा तोटीच्या शेवटच्या दोन मीटरमध्येच राहतो, आणि अनेकदा खालून वर येतो: मोरीच्या जाळीतून उडालेला शिंतोडा, किंवा हात धुवायचं भांडं पुसलेल्या फडक्यानेच तोटी पुसण्याची सवय. उत्तर आयर्लंडमध्ये २०११-१२ च्या हिवाळ्यात नवजात शिशू कक्षांत याच जिवाणूने ४ बाळं दगावली. तपासात तोट्यांच्या आतल्या, धार सरळ करणाऱ्या प्लास्टिकच्या जाळ्यांवर त्याची बायोफिल्म सापडली. तोटी आधी पुसायची, मग भांडं, आणि हात धुवायच्या भांड्यात दुसरं काहीही ओतायचं नाही. एवढ्यानेही फरक पडतो.

मग क्लोरीनचं काय

क्लोरीन टाकीत मोजू नका, सगळ्यात लांबच्या तोटीला मोजा. जागतिक आरोग्य संघटनेचा पेयजलासाठीचा नेहमीचा निकष असा: पीएच ८ पेक्षा कमी, संपर्क ३० मिनिटं, आणि उरलेलं मुक्त क्लोरीन लिटरला किमान ०.५ मिलीग्रॅम. पीएचची अट वाचून सोडून द्यायची नसते. पीएच ७.५ ला सुमारे निम्मं क्लोरीन मारक रूपात असतं, ८ ला पाव हिस्सा, ८.५ ला जेमतेम दहावा. मीटर तिन्ही वेळा तोच आकडा दाखवतं.

टाकीत ०.८ आणि शेवटच्या तोटीला शून्य असेल तर डोस वाढवण्याआधी विचारा की वाटेत ते कोण खातं आहे. गंजलेला पाइप खातो, बायोफिल्म खाते, शिळं पाणी खातं. अमेरिकेत मिशिगनमधल्या फ्लिंट शहरात २०१४ मध्ये पाण्याचा स्रोत बदलला, गंजरोधक द्रव्य घातलं गेलं नाही, पाइप गंजले, लोह सुटलं आणि क्लोरीन टिकेना. २०१४-१५ मध्ये त्या भागात लिजिओनेअर आजाराचे (लिजिओनेलाच्या न्यूमोनियाचे) सुमारे ९० रुग्ण आणि १२ मृत्यू झाले. अभ्यासकांनी त्याचा संबंध कमी पडलेल्या क्लोरीनशी जोडला. त्याच पाण्यात शिसं उतरल्याच्या बातम्यांत ही बाजू मागे पडली.

शॉक डोस द्यायचाच असेल तर क्रम असा ठेवा. आधी फाटे कापा, व्हॉल्व्ह दुरुस्त करा, जाळ्या आणि शॉवरच्या नळ्या बदला, गाळ काढा, जोरात पाणी सोडून सुटेल तेवढा थर सोडवा. नंतर क्लोरीन. डोस प्रत्येक तोटीपर्यंत ओढून आणा, शेवटच्या तोटीला वास आणि मीटर दोन्हींनी खात्री करा, ठरलेला वेळ धरा, मग पूर्ण धुऊन काढा. त्या वेळात कुणी पाणी वापरणार नाही याचा बंदोबस्त हवा. उलटा क्रम लावला तर मेलेला थर जागेवरच राहतो, वाचलेल्यांना तेच आयतं अन्न होतं, आणि दोन महिन्यांनी तुम्ही पुन्हा अहवाल उघडता.

गरम पाण्याचा शॉक मला क्लोरीनपेक्षा बरा वाटतो, कारण उष्णता थराच्या आरपार जाते, वाटेत खर्च होत नाही. पण आंधळ्या फाट्यात गरम पाणी शिरतच नाही, मिक्सिंग व्हॉल्व्ह ते अडवतो, आणि ७० अंशांचं पाणी क्षणात भाजतं. दर तोटीला पाच मिनिटं, आणि समोर माणूस उभा.

क्लोरीन डायऑक्साइड, तांबं-चांदीचं आयनीकरण, मोनोक्लोरामाइन ही पुढची हत्यारं. मोनोक्लोरामाइन (क्लोरीन आणि अमोनिया यांचं संयुग) मारायला मंद आहे, पण सावकाश खर्च होत असल्याने थरात खोल जातं. ज्या शहरांच्या पुरवठ्यात ते होतं तिथल्या रुग्णालयांत लिजिओनेअरचे उद्रेक कमी दिसले. मात्र त्याने क्षयरोगाच्या नातेवाइकांना, म्हणजे पाण्यातल्या मायकोबॅक्टेरियांना, जागा मोकळी होऊ शकते, आणि अमोनिया खाणारे जिवाणू वाढून तेच द्रव्य संपवूनही टाकतात. तांब्या-चांदीला पीएच वाढला की धार राहत नाही. फाटे कापण्याआधी यातलं काहीही विकत घेऊ नका. विक्रेता फाटे कापायला सांगत नाही.

काम झाल्यावर

शॉक दिल्यावर दुसऱ्याच दिवशी नमुना घेतला तर तो हमखास चांगला येतो. तो अहवाल कुणाला दाखवायचा असेल तर दाखवा. स्वतःसाठी दोन ते सात दिवसांनी एक घ्या, मग महिन्याने, मग तिसऱ्या महिन्याच्या अखेरीस, आणि दर वेळी जोडीनेच. आमच्या ४३ अंशांच्या फाट्याचा व्हॉल्व्ह उघडून रिटर्न ५३ वर आणला, तो हातभर पाइप काढला, सात शॉवरच्या नळ्या बदलल्या, मगच एकदा गरम पाण्याचा शॉक दिला. तिसऱ्या महिन्यात एका तोटीचा पहिला नमुना पुन्हा लिटरला ८० वसाहतींवर आला. तिथे बदललेली नळी नव्हती, कपाटामागची जुनी लवचिक जोडनळी राहून गेली होती.

फाटा कापताना टोपण भिंतीजवळ लावू नका, अगदी टीच्या, म्हणजे फाटा जिथे फुटतो त्या तिहेरी जोडाच्या, तोंडाशी लावा. जमलं तर टीच काढून सरळ जोड घाला. बोटभर उरलेला तुकडाही पुढच्या वर्षी बुळबुळीने भरतो.